चार दात

पहिला नमुना सायकलच्या स्पोकांचा.
तो बांगड्याच्या वजनानेच वाकला.
दुसरा, टेबलफॅनच्या दोन जाळ्यांचा,
कुर्ल्याच्या भंगारवाल्याने किलोवर दिलेल्या.
तोंडाला तोंड लावून बिजागरी ठोकली
की मधे चार बांगडे निवांत झोपणार,
ना चिमटा, ना उलथणं,
ना कातडं जाळीला चिकटून माशाचं सोललं जाणं.

कागदावर तरी असंच होतं.
कागद म्हणजे वीजबिलाची पाठकोरी बाजू,
पेन्सिल मात्र कारखान्यातली, टू-एच,
निवृत्तीच्या दिवशी खिशात राहून गेलेली.
एकतीस वर्षं विक्रोळीत टूलरूमला होतो,
लोकांच्या ड्रॉइंगवर लोकांची मापं धरली.
हे ड्रॉइंग माझं. खाली सही माझी.
'तपासले'च्या चौकटीत शालनचं बोट उमटलंय,
आगळाचं, लालसर.

गच्चीवर पहिली चाचणी. कोळसे फुलले
आणि जाळीतून पांढरा धूर निघाला.
मागे व्हा, ओरडलो, मुलामा जळतोय, जस्त आहे!
ते बांगडे मांजरालाही दिले नाहीत.
धुरामागून सेक्रेटरी घोसाळकर वर आले, लुंगीत.
"हे नियमात बसतं का?"
म्हटलं, अजून बेअरिंगमध्येच बसत नाहीये.

मग स्टेनलेसच्या सळया आणल्या.
मरोळ गावठाणात रेमी परेराच्या शेडमध्ये
दोन दुपारी बसून वेल्डिंग करून घेतलं.
पैशांचं विचारलं, तर म्हणाला,
पहिला भाजलेला बोंबील माझा.
बोंबील जाळीत टिकत नाही, गळून पडतो,
हे त्याला माझ्याहून जास्त माहीत.
म्हणजे पैसे खरंच नको होते.

फिरवायला टॅक्सीच्या वायपरची मोटर.
बारा व्होल्टवर बांगडे जत्रेतल्या पाळण्यासारखे गरगरले,
रेवतीच्या फ्रॉकवर तेलाची नक्षी.
सहावर आणलं, तेव्हा शांत झाले.
मोटरच्या दांड्यावर चोवीस दातांचं चक्र,
जाळीच्या दांड्यावर वीस दातांचं,
जे हाताशी होतं ते.

आणि जमलं.
डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रंग,
वर खाली, आत बाहेर, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.
मी तर मायक्रोमीटर लावायचाच बाकी होतो.
सगळे जेवले.
पराग म्हणाला, बाबा, पेटंट घ्या.
शालन म्हणाली, "छान झालंय. हॉटेलसारखं."

चौतीस वर्षांच्या संसारात
एवढं कळतं की ही काही शाबासकी नाही.

रात्री भांडी विसळताना विचारलं.
काही नाही, म्हणाली.
मग नळ बंद करून म्हणाली,
"करपलेली बाजू कुणाची, म्हणून आज कुणी भांडलंच नाही."

खरंच की. चुलीवर, तव्यावर, शेगडीवर
एक बाजू नेहमी जास्त लागायची,
काळी, कडू, कुरकुरीत.
पराग आणि त्याची बहीण त्यावरून ताटं ओढायची,
आणि शेपटीकडचा सगळ्यात जळका तुकडा
शालन आधीच काढून ठेवायची, स्वतःला,
"मला काय, कसंही चालतं" म्हणत.
चालत नव्हतं तर. आवडत होतं.

पहाटे व्हाइसमध्ये चोवीस दातांचं चक्र धरलं.
कानशीने सलग चार दात काढले, मुळापासून.
हात पुढे जाईना आधी.
जन्मभर चुका घासून घालवल्या,
घासून चूक करायची म्हणजे वेगळीच सवय लागते.
वीस दात वीस दातांना पुरे एक फेरा फिरवतात,
उरलेल्या मोकळ्या जागेत जाळी थांबते,
दर फेऱ्याला त्याच ठिकाणी,
तीच कूस निखाऱ्याकडे करून.
हलू नये म्हणून चामड्याचा वायसर टाकला.

रविवारी पुन्हा गच्ची.
घोसाळकर या वेळी ताटली घेऊनच आले.
जाळी फिरली, फिरली, थांबली.
"आजोबा, बंद पडलं!"
रेवती बटणाकडे धावली.
"हात लावू नकोस," शालन म्हणाली,
आणि पदराने वारा घालायची थांबून
वास घेत राहिली.